मोतीराम मिस्त्रीची साक्ष

मोडलेल्या मोटारीपाशी पोचला की मोतीराम मिस्त्री आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा, आणि ती पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. मालक हात जोडून मागेमागे चालत असे, ड्रायव्हर झाला प्रकार सांगू पाहत असे. याचं लक्षच नसे. मग कोट काढून झाडाला अडकवायचा, धोतराचा काचा मारायचा आणि मातीत पाठ टेकून सरळ गाडीखाली शिरायचा. खिशात सुताची एक दोरी असे. सांगाड्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ती ताणायची, गाठ मारायची, मग तीच दोरी उलट्या कोपऱ्यांना लावून पाहायची. दोन्ही मापं जुळली तर गाडी जगली. बोटभर फरक आला तर सांगाडा पिळला, मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत चालत नाहीत, आणि पिळलेला सांगाडा कितीही ठोका, भरवशाचा होत नाही. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात बारा वर्षं फिटर राहून तो एवढं नक्की शिकला होता. बाहेर येऊन अंग झटकत तो एकच शब्द उच्चारायचा, "खलास."

त्या एका शब्दावरून नांदुऱ्यापासून चिखलीपर्यंतचे मोटारवाले त्याला खलास मिस्त्री म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं.

भुसावळहून परतल्यावर त्यानं नांदुऱ्यात कापसाच्या जिनाशेजारी मोटारदुरुस्तीचं छप्पर टाकलं होतं. लढाई सुरू होण्याच्या दोनेक वर्षं आधी एका विमा कंपनीला वऱ्हाडात गाड्या पाहायला माणूस हवा होता. कंपनीचे अधिकारी सुधाकरपंत खामगावला बसत. गोरे, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मोतीरामला बोलावून काम समजावून दिलं: गाडी दुरुस्त होण्यासारखी असेल तर तसं लिहायचं, नसेल तर 'टोटल लॉस' लिहायचं, मग कंपनी मालकाला भरपाई देईल आणि मोडकी गाडी कंपनीची होईल. मोतीरामला हे काम मनापासून आवडलं. खोटं बोलावं लागत नाही, दोरी सांगते तेच लिहायचं. बायको सोजराबाई चेष्टा करायची, "लोकाइच्या घरी डाक्टर जाते थो जीव वाचवाले. तुमी जाता थे मेलं म्हनाले."

"मेलेल्याले जित्तं म्हनन्यापरीस बरं," तो म्हणायचा.

त्याची स्वतःची एक सवय होती. खलास ठरवलेल्या सांगाड्यावर, नंबराच्या खालच्या अंगाला, तो छिन्नीनं तीन टिंबं मारून ठेवायचा. एकाच मोडक्या गाडीवर कुणी दोनदा भरपाई मागू नये म्हणून. कंपनीनं तसं सांगितलेलं नव्हतं, सुधाकरपंतांना ते ठाऊकही नव्हतं.

एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात मोताळ्याजवळच्या नाल्यात कापसाच्या गाठींची एक लारी उलटली. दोरीत चार बोटांचा फरक आला. मोतीरामनं तीन टिंबं मारली आणि अहवालाच्या शेवटी जांभळ्या पेन्सिलीनं जास्तीची एक ओळ लिहिली: हा सांगाडा तोडूनच विकावा, अखंड विकू नये. सुधाकरपंतांनी वाचून मान डोलावली. "योग्य आहे तुमचं. तोडूनच देऊ."

मोतीरामनं पुढं चौकशी केली नाही.

लढाईनं मग सगळं फिरवलं. नवी चासी, म्हणजे कोरा सांगाडा, येईनाशी झाली, पेट्रोल कूपनावर गेलं, प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. मोडीला सोन्याचं मोल आलं. बुलढाणा-नांदुरा रस्त्यावर गाड्या चालवणाऱ्या उत्तमरावांनी त्या दिवसांतही एक नवी कोरी दिसणारी सर्व्हिस उभी केली. निळा रंग, दारावर वेलबुट्टी, आत गादीच्या बैठका. लोक म्हणत, माणूस वस्ताद आहे, कुठून आणली कोण जाणे. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून ठेवलं कडूबाला, सोजराबाईच्या धाकट्या भावाला. मोटार चालवायला त्याला मोतीरामनंच शिकवलं होतं. गडी सरळ होता, व्यसन नाही, घाटात वळणावर हॉर्न वाजवल्याशिवाय पुढं जात नसे.

त्रेचाळीसच्या दिवाळीत भाऊबीजेला कडूबा बहिणीकडं आला. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाला, "भाऊजी, गाडी डाव्या अंगाले वढून राह्यली. घाट उतरतानी जास्तच. एकडाव खाली शिरून पाहा ना."

"स्प्रिंगच्या कमानीचं पान मोडलं असन. उत्तमरावच्या मिस्त्रीले दाखव."

"त्याले दाखोलं. थो म्हन्ते काईच नाई."

"मंग काई नसन."

"तुमी पाह्यलं तं माह्या जिवाले बरं वाटीन."

मोतीरामला दुसऱ्या दिवशी संग्रामपूरला एक जळालेली लारी पाहायला जायचं होतं. धडधाकट गाडीखाली शिरायचा त्याला कंटाळाही होता. "पाहू, येत्या हप्त्यात पाहू," म्हणून त्यानं सुपारी कातरायला घेतली. तो हप्ता आला आणि गेला, तसे आणखी सात-आठ गेले.

पौषात, दुपारी तीनच्या सुमाराला, बुलढाण्याहून खाली येणारी निळी सर्व्हिस राजूर घाटात कठडा फोडून दरीत गेली. सात माणसं जागीच गेली. त्यांत कोर्टाची तारीख आटोपून परतणारे दोघे सख्खे भाऊ होते आणि माहेरी निघालेली रुक्मिणीबाई नावाची एक गरोदर बाई होती. कडूबा वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि दवाखान्यात त्याच्या खाटेशी शिपाई बसवला होता, कारण फौजदारानं भरधाव आणि बेदरकार गाडी हाकल्याचा गुन्हा त्याच्यावर लावला होता.

"भाऊजी, चक्र माह्या हातात फिरत होतं, चाकं वळतच नोहती," एवढं सांगून कडूबानं भिंतीकडं तोंड केलं.

गाडीचा विमा मोतीरामच्याच कंपनीचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो दरीत उतरला. फेरी मारायला जागा नव्हती. गाडी पळसाच्या खोडांत उताणी अडकलेली होती. दोरी लावायचीही गरज पडली नाही. सांगाड्याची पुढची पट्टी जिथं जोडलेली होती तिथंच तुटली होती आणि तिच्याबरोबर चक्राचा दांडा निखळला होता. जोडाचा काळपट, कच्चा सांधा उघडा पडला होता. त्यानं छिन्नीनं निळा रंग खरवडला. खाली तांबडा रंग निघाला. तांबड्याखाली नंबर, आणि नंबराच्या खालच्या अंगाला त्याच्या हातची तीन टिंबं.

मोतीराम तिथंच दगडावर बसला. वरती रस्त्यावर लोक उभे होते. कुणीतरी ओरडून विचारलं, "काय मिस्त्री, खलास का?" मोतीरामला दिवाळीतली सुपारी आठवत होती. अर्धा तास गाडीखाली शिरला असता तर ही टिंबं तेव्हाच दिसली असती.

संध्याकाळी उत्तमराव स्वतः त्याच्या छपरात आले. "मिस्त्री, गाडी तं गेलीच. तुमी खलास लिवा न् मोकये व्हा. बाकीच्या भानगडीत कायले पडता?"

"चासी कोनापासून घेतली, मालक?"

"इकत घेतली. चोरली नाई. तुमच्याच कंपनीनं इकली. तुमच्या सायबाले पुसा."

मोतीरामनं त्याच रात्री दिव्याखाली बसून सगळं लिहिलं. सांगाडा कोणता, अडीच वर्षांपूर्वी त्यानंच तो कसा खलास ठरवला होता, तोडून विकावा असं कसं कळवलं होतं, आणि तरी कंपनीनं तो अखंड विकला; चक्र फिरूनही चाकं का वळली नाहीत; ड्रायव्हरचा दोष का नाही. चार पानं झाली. नक्कल करून ठेवायची सवय त्याला नव्हती.

सुधाकरपंत आगगाडीनं नांदुऱ्याला आले, स्टेशनाच्या बाकावर बसून त्यांनी चारही पानं दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "उत्तम काम केलंत, मोतीराम. मोडीतली गाडी नवी म्हणून विम्याला घातली. आता त्यांचा दावा टिकत नाही." मग म्हणाले, "फक्त ही एक ओळ. गाडी कोणी विकली ती. ती काढा. अपघाताशी तिचा काय संबंध?"

"सायेब, थेच तं कारन हाय."

"कारण जोड कच्चा होता हे आहे. ते राहू द्या ना. मी काय सांगतो ऐका. ओळ काढलीत तर हा अहवाल मी स्वतः फौजदारांकडे पाठवतो. तुमचा मेहुणा सुटेल. न काढलीत तर कागद मुंबईच्या कचेरीत जाईल आणि वर्षभर तिथंच पडेल."

मोतीरामनं कडूबाचा विचार केला. पेन्सिल घेतली आणि ती ओळ आडवी खोडली. सुधाकरपंतांनी पानं घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि फलाटावर चहा मागवला. तो चहा मोतीरामनं घेतला, हे त्याला पुढं कायम डाचत राहिलं.

अहवाल फौजदाराकडं कधीच गेला नाही. तो उत्तमरावांना दाखवला गेला. त्यांनी निमूटपणे आपला दावा मागं घेतला, आणि कंपनीच्या हिशेबी प्रकरण मिटलं. मोतीराम खामगावला गेला तेव्हा सुधाकरपंतांनी खुर्चीही दिली नाही. "दावाच नाही तर अहवाल कसला? तो कंपनीचा खाजगी कागद होता."

"तुमी शब्द देल्ला होता."

"फौजदारांनी मागितला असता तर दिला असता," सुधाकरपंत म्हणाले आणि पुढ्यातलं पत्र वाचू लागले.

मोतीरामनं त्याच दिवशी नोकरी सोडली आणि बुलढाण्याच्या वकिलाला जाऊन सांगितलं, मला साक्षीला उभं करा. सोजराबाईनं भावासाठी गणपतीला नवस बोलला. घरात पहिल्यांदाच जरा आशेचं वारं शिरलं.

चैत्रात खटला उभा राहिला. मोतीरामनं धुतलेला कोट घातला होता. त्यानं सगळं सांगितलं, न अडखळता. टिंबांचं सांगितलं, जोडाचं सांगितलं, कंपनीनं विकल्याचंही सांगितलं. मग सरकारी वकील उठले.

"आरोपी तुमचा कोण?"

"मेहुना."

"तुमचा अहवाल कुठं आहे?"

"कंपनीपाशी."

वकिलांनी कंपनीचं पत्र वाचून दाखवलं: असा कोणताही अहवाल दप्तरी नाही. "बरं. सांगाडा दाखवता?"

होळीच्या आधीच उत्तमरावांनी दरीतून सांगाडा वर ओढून काढला होता आणि लोहाराकडून त्याचे तुकडे करून मोडीत घातले होते. तीन वर्षांपूर्वी जे व्हायला हवं होतं, ते या वेळी बिनचूक झालं होतं.

"गाडीत दोष होता, हे आरोपीला ठाऊक नव्हतं?"

मोतीरामला वाटलं, कडूबा किती काळजी घेणारा होता हे सांगायची हीच जागा आहे. "ठाऊक होतं, सायेब. त्याच्या ध्यानात आलं होतं. दिवाईतच त्यानं मले सांगतलं, गाडी वढून राह्यली, एकडाव पाहा. मीच पाह्यली नाई."

"म्हणजे गाडी धोक्याची आहे हे दिवाळीपासून माहीत असून आरोपी दोन महिने तीच गाडी, माणसं भरून, घाटात हाकत होता."

मोतीरामनं पिंजऱ्यातल्या कडूबाकडं पाहिलं. कुबडीवर भार देऊन तो उभा होता आणि एकटक भाऊजींकडंच पाहत होता. "तसं नाई सायेब," मोतीराम म्हणाला, "तसं नाई," पण कारकुनाची लेखणी केव्हाच पुढं सरकली होती.

निकालात मॅजिस्ट्रेटनी जोडाबद्दल पुराव्याअभावी काही म्हणता येत नाही असं लिहिलं. आरोपीला दोष ठाऊक होता, एवढं मात्र बचावाच्याच साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध झालं. दीड वर्ष सक्तमजुरी. उत्तमरावांना जादा माणसं बसवल्याबद्दल दंड झाला, तो त्यांनी त्याच दुपारी भरला.

सोजराबाई नवऱ्याला टाकून गेली नाही. भाकर करायची, वाढायची, त्याचे कपडे धुवायची. पण ती त्याची चेष्टा करायची ते कायमचं थांबलं. एकदाच म्हणाली, "तुमी कोर्टात खरं बोलले, माहीत हाय मले. दिवाईतच त्याच्या गाडीखाली शिरले असते तं बोलाचं कामच पडलं नसतं."

कडूबा सुटून आला तेव्हा एक पाय आखूड झाला होता. तो धान्याच्या बाजारात मापाऱ्याच्या हाताखाली लागला. मोतीराम समोरून आला की तो पोत्यांच्या आड सरके.

मोतीरामनं पुन्हा जिनाशेजारचं छप्पर उघडलं. रोज सकाळी तो स्टँडवर जायचा आणि सुटायच्या तयारीतल्या सर्व्हिसखाली दोरी घेऊन शिरतो म्हणायचा. फुकट. मालकांनी हाकलून दिलं त्याचं त्याला नवल वाटलं नाही. पण ड्रायव्हरही नको म्हणू लागले. चिखलीच्या गाडीवरचा कारभारी नावाचा ड्रायव्हर, ज्याला त्यानं गेअर टाकायला शिकवलं होतं, त्यानं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

"मिस्त्री, पाया पडतो, खाली नका शिरू."

"काऊन बे? तुह्याच जिवासाठी म्हनून राह्यलो."

"तुमाले काई दिसलं न् तुमी मले सांगतलं, तं मले माहीत झालं म्हना. माहीत असून गाडी हाकली तं दीड वर्ष. नाई हाकली तं उद्या घरी बसतो. माहीत नसलेलंच बरं हाय."

मोतीराम दोरी हातात घेऊन उभा राहिला. कंडक्टरनं घंटी दिली, भट्टीतून धूर निघाला आणि गाडी माणसांनी गच्च भरून मोताळ्याच्या रस्त्याला लागली. ती पुलाजवळ वळताना मोतीरामला मागून स्पष्ट दिसलं की तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत चालत नाही.