बोर्गहिल्डची सपाट रेघ

तोरुन एकेलांडने बर्गेनच्या मनोरुग्णालयात एकवीस वर्षं लोकांच्या बोटांना तारा लावल्या. कानात ठरावीक अंतराने एकसारखा आवाज सोडायचा. कातडीला किती ओल सुटते ते यंत्राची लेखणी कागदावर उमटवायची. पहिल्या आवाजाला माणूस दचकतो, रेघ उसळते. दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला आणखी कमी. दहाव्यापर्यंत कातडीसुद्धा कंटाळते.

बोर्गहिल्ड सोलेमची रेघ पहिल्या आवाजापासूनच सपाट होती.

नवरा बोटीसकट बुडाला तेव्हा ती ना रडली ना बोलली, म्हणून दिराने तिला इथे आणून टाकलं होतं. तिचा कागद बघून डॉक्टर फालसेन खूश झाले. "बघितलंस? आतून पार विझलीय. माझ्या निबंधासाठीच्या यादीतली ही अकरावी."

तारा काढताना तोरुनने तिची बोटं पाहिली होती. तीस वर्षं जाळी विणून त्यांना बुटाच्या तळासारखे घट्टे पडले होते. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता तिने तारा तळहाताच्या कडेच्या मऊ मांसावर चिकटवल्या. पहिल्याच आवाजाला लेखणी उसळली आणि मग चारचौघांसारखी हळूहळू उतरत गेली.

ती धावतच गेली. "डॉक्टर, बाई ठणठणीत आहे हो! घट्टे आडवे येतायत."

"तारा कुठे लावायच्या ते आता तू ठरवणार? सगळ्यांच्या बोटांना लावल्यात. एकीसाठी पद्धत मोडली तर माझा निबंध कोण छापेल? फाड तो कागद. आणि कालच्यावर सही कर."

तोरुनने कागद फाडला, सहीही केली. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, नोकरी सोडून चालणार नव्हतं. कारण खरंच होतं, पण स्वतःला ते पुन्हापुन्हा सांगताना तिला स्वतःचीच किळस यायची.

फालसेन प्राध्यापक झाले. बोर्गहिल्ड आणखी सहा वर्षं आत राहिली.

ती सुटल्यावर एकदा मासळीबाजारात तोरुनला दिसली. तोरुनने तिथेच, गर्दीत, सगळं सांगून टाकलं.

बोर्गहिल्डने ऐकून घेतलं. "पंधरा आवाज होते," ती म्हणाली. "पहिल्याला छातीत धस्स झालं होतं माझ्या. अगं, मलाच विचारायचंस की!"

बोर्गहिल्ड मासळीवाल्याकडे वळली. "हा शिळा आहे. दुसरा दाखव."