झऱ्यावरचा सर्प

बोस्नियातल्या त्या डोंगरगावात डेर्विशा मजारीची राखण करायची. मजारीच्या पायथ्याशी झरा होता. त्या मजारीतला पिवळ्या दाढीचा बाबा घोड्यावरून आला आणि गाव गिळायला निघालेला सर्प त्याने इथेच मारला, असं ती सांगायची. वरच्या आळीतली ख्रिस्ती स्तोयांका हीच गोष्ट संत जॉर्जची म्हणून सांगे. मे महिन्यात जॉर्जच्या सणाला दोघी पहाटे झऱ्यावर तोंड धुवायला जात आणि भांडत.

“तुमच्या बाबाने आमच्या जॉर्जचा घोडा पळवला गं!”

“पळवला असेल. तुमचा जॉर्ज कुठे त्याला चारा घालत होता?”

ब्याण्णव साली युद्ध पेटलं. बाहीवर संत जॉर्जचं चित्र लावलेली माणसं गावात शिरली. डेर्विशाचा नवरा रागिब अंगणातल्या प्लमच्या झाडांना चुना लावत होता. “सर्प या घरांतच दडलाय,” म्हणत त्यांनी त्याला ओढून नेलं. त्यांच्यात स्तोयांकाचा मुलगा ओब्रेनही होता. त्याने मान खाली घातली, पण उभा राहिला तो त्यांच्याच बाजूला.

डेर्विशालाही गाव सोडून पळावं लागलं. बऱ्याच वर्षांनी ती परतली, तेव्हा मजारीचे नुसते दगड उरले होते. रागिबची हाडं एका खड्ड्यात सापडली. दफन उरकल्यावर तिने तरुण इमामाला विचारलं, “मजार पुन्हा बांधायची का?”

“राहू दे, आजी. थडगी पुजणं आपल्या धर्मात बसत नाही. आणि ती गोष्ट तरी आपली कुठे? ख्रिस्त्यांकडून उचललेली.”

“उचलली असेल, बाळा. पण आईने मला तीच सांगून झोपवलं. आता ती परत कुणाला करू?”



पुढच्या सणाला ती एकटीच झऱ्यावर गेली. तिथे स्तोयांका बसलेली, पार वाळून गेलेली. 

“सांग ना गं गोष्ट,” स्तोयांका म्हणाली. “तुझ्या बाबाचीच सांग. मी भांडणार नाही.”

डेर्विशाने सुरुवात केली. बाबा आला, घोडा खिंकाळला, आणि ती अडखळली.

“मग? सर्पाचं काय झालं?”

“त्यांनी ओढून नेलेल्या सर्पाच्या हातात चुन्याचा कुंचला होता,” डेर्विशा म्हणाली.

स्तोयांकाने डोक्याच्या रुमालाने तोंड झाकलं. “ओब्रेनने काही केलं नाही गं,” ती पुटपुटली.

“हो. काहीच केलं नाही.”

डेर्विशा तोंड न धुताच घराकडे वळली. नंतरच्या सणांना ती झऱ्यावर गेली नाही. घरच्या नळाचंच पाणी वापरायची.