मुलुंडच्या ऑफिसातली मोकळी वायर

वाकोल्याहून निघताना अशूने दोनदा विचारलं, "आई, कंटाळणार नाहीस ना?" अशू माझी मुलगी. ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम करते. मुलुंडच्या ऑफिसातले साहेब आज तिचं तिथलं आतापर्यंतचं काम बघून वर्षभराचं काम द्यायचं की नाही ते ठरवणार होते. मला ते काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

बसने अंधेरी, पुढे मेट्रो. आत एवढं गार की मी पदर कानावर घेतला. वरून छपरांवरची निळी ताडपत्री आणि वाळत घातलेल्या गोधड्या दिसत होत्या. घाटकोपरला दाबेली खाल्ली. दाबेलीवाल्याने विचारलं, मायलेकी कुठे निघाल्या. मी नेहमीसारखं अशूकडे बघितलं. अशूच बोलली. मग मुलुंडची बस. कांजूरमार्गला कचऱ्याचा वास आला तशा सगळ्यांनी खिडक्या ओढल्या. मुलुंडला झाडं बरी आहेत.

ऑफिसात भिंतीवर स्विच (वायरी खोचायची चपटी पेटी) होता, त्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. अशू साहेबांबरोबर आत गेली. मी बाहेर बसले. पेटीतल्या एका वायरीचं दुसरं टोक खाली लोंबत होतं. इतकी वर्षं लोकांची घरं आवरली, लोंबणारं काही मला बघवत नाही. त्याच पेटीत एक भोक रिकामं होतं. टोक त्यात खोचलं. टक् झालं. बरं वाटलं.

थोड्या वेळात सगळे दिवे एकदम फडफडायला लागले. कॉम्प्युटर अडकले, लोक खुर्चीतून उठले. साहेब बाहेर येऊन अशूला म्हणाले, "काय गं, आजच वाट लागली? मग दुसरा माणूस बघतो मी." अशूच्या कपाळावर घाम. परक्या माणसांसमोर मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"साहेब, ती वायर मी खोचली."

अशूने वायर ओढली. दिवे शांत झाले. मग तिने साहेबांना सांगितलं की चूक तिचीही आहे. वायरीचा असा फेरा झाला की कॉम्प्युटरांचे निरोप आतल्या आत फिरत राहतात, वाढत जातात. परदेशातल्या एका बाई इंजिनिअरने फार पूर्वी यावर उपाय शोधला: पेट्या आपसात बोलून एकच रस्ता चालू ठेवतात, जादाचा बंद करतात, आणि चालू रस्ता तुटला तर बंद केलेला उघडतात. रोज सकाळी कॉम्प्युटर जोडला जायला वेळ लागतो अशी मागे तक्रार आली, म्हणून अशूनेच ती सोय बंद केली होती.

तिने ती चालू केली आणि टोक माझ्या हातात दिलं. "आई, परत खोच."

मी टोक त्याच भोकात खोचलं. एक दिवा पिवळा झाला, म्हणजे जादाचा रस्ता बंद; बाकी हिरवे राहिले. कोणी खुर्चीतून उठलं नाही. साहेब हसले. "मावशी, अजून कुठे काही लोंबतंय का बघा." अशूला म्हणाले, सोमवारपासून ये.

परतीच्या मेट्रोत मी त्या बाईचाच विचार करत होते. शिकलेली, कुठल्या कुठे राहणारी. पण कधीतरी कोणीतरी चांगल्या मनाने वायर चुकीच्या जागी खोचणार, हे तिने आधीच गृहीत धरलं होतं. त्या माणसाला रागावण्यापेक्षा तिने पेटीलाच शहाणं केलं.

घरी आलो तर चार्जरची वायर टेबलावरून लोंबत होती. मी हात पुढे केला, मागे घेतला.

"अशू, ही कुठे लावू गं?"