बोटावरची भाषा

शेजारची तीन वर्षांची मीरा दुपारी आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवत उभी राहिली. मी बिस्कीट दिलं, केळं दिलं, तरी बोट तसंच. शेवटी तिनं भोकाड पसरलं. तिची आई धावत आली.

"अहो काका, पाणी हवंय तिला! आम्हाला नुसत्या बोटावरून कळतं," ती कौतुकानं म्हणाली.

खरंच कळतं. त्या घरात बोट उठायचा अवकाश, कुणीतरी पेला घेऊन धावतं. एवढी माया, की पोरीला शब्दाची गरजच पडू दिली नाही कुणी. उद्या बालवाडीत हे बोट कोण वाचणार?

मीरा घटाघटा पाणी प्यायली. पुन्हा बोट उठलं.

"काय हवं, बाळा?" मी विचारलं.

तिचे ओठ किंचित हलले. तोवर आईनं पेला भरलासुद्धा.