वडिलांचं ताट, धरणाच्या काठी

आमच्या वडिलांना समुद्र बघायचा होता आणि तो त्यांनी कधीच बघितला नाही. मुकुंदवाडीहून चिकलठाण्याच्या कारखान्यात जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. पण त्यांनी त्यावर तोडगा काढला होता. दर हिवाळ्यात एका रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन पैठणला, जायकवाडीच्या धरणावर. समुद्रावरचे पक्षी थंडीत तिथं मुक्कामाला येतात. "समुद्राला आपण कशाला जायचं? त्याचे पाहुणेच आपल्याकडं येतात की," असं म्हणत गळ्यात दुर्बीण अडकवून ते पुढं चालायचे. त्या दुर्बिणीच्या एका बाजूनं काहीच दिसत नसे, पण तसं म्हणायची आमची बिशाद नव्हती.

ते गेले पावसाळ्यात. दहाव्याला आम्ही पैठणच्याच घाटावर, धरणाच्या खालच्या अंगाला होतो. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. शेजारच्या लोकांच्या पिंडांवर कावळे तुटून पडत होते आणि आमच्याकडं ढुंकून बघत नव्हते. मग जाणाऱ्याला शब्द देणं सुरू झालं. भाऊ म्हणाला, "आईला अंतर देणार नाय." मी म्हणाले, तोंड आवरीन. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, हात जोडून म्हणाली, "मी वहिनीशी भांडणार नाय." वहिनी म्हणजे आमची आई. हे ऐकून जवळच्या झाडावर बसलेला एकुलता एक कावळाही उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. मला असला राग आला म्हणून सांगू! माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण विश्वास नसला तरी अपमान व्हायचा तो होतोच.

आईनं ते जिवाला लावून घेतलं. "माणूस उपाशी गेलं," हेच धरून बसली. ताटात अर्धी भाकरी घ्यायची, तीही चिवडून बाजूला सारायची. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, मी चिडून ओरडून झालं. दिवसेंदिवस ती वाळत चालली आणि मला आता हीही जाते की काय अशी भीती वाटायला लागली. त्यात आत्या रोज संध्याकाळी सुस्कारा टाकून म्हणायची, "काय राहिलं असंल गं त्याचं?" तिचं तोंड शिवून टाकावंसं वाटायचं मला.

थंडी पडली. एका सकाळी चहा गाळता गाळता आई थांबली. "अगं बाई! घाटावर पक्षी बघायला जायचा शब्द कुणी दिलाच नाय की!"

"व्हय की!" आत्या म्हणाली. ह्या दोघींचं एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी भावाच्या मित्राची व्हॅन घेऊन निघालो. पुढं बसायचं कुणी यावरून पैठण येईपर्यंत नणंद-भावजयीचं वाजत राहिलं. घाटावरचा शब्द बिडकीनच्याही अलीकडं मोडला. मला मात्र बरं वाटलं. आईचा आवाज कित्येक महिन्यांनी चढला होता.

काठावर सतरंजी अंथरली. आईनं पहाटे उठून वडिलांच्या आवडीचे धपाटे केले होते, सोबत दही आणि ठेचा. ती सवयीनं ताटल्या मांडत गेली आणि एक जास्त मांडली. आम्ही सगळ्यांनी ती बघितली. आत्यानं मुकाट्यानं त्यात दोन धपाटे ठेवले आणि वर दही वाढलं.

तेवढ्यात भाऊ ओरडला, "ते बघा, उठले!" लांबवर पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी एकदम हवेत उठले होते. सगळा थवा वळला आणि पंखांचा गुलाबी रंग उन्हात झळकला. आम्ही ताटं सोडून पाण्याकडं धावलो. दुर्बिणीवरून ओढाओढ झाली. "अय्या, काय दिसतंय!" असं आत्या बंद बाजूनं बघत म्हणाली, आणि मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी काही थांबेना. वडील असते तर त्यांनी तिला ती बाजू चांगली आहे म्हणून पटवून दिलं असतं. फार आठवण आली मला त्यांची, फार.

मागं खडखड झाली म्हणून वळलो. सतरंजीवर कावळा. बाकीच्या ताटल्या सोडून तो नेमका जास्तीच्या ताटलीत उभा होता, दह्यात पाय, चोचीत धपाटा.

"हाड मेल्या!" म्हणत आत्यानं पायातली चप्पल काढलीसुद्धा. आईनं तिचं मनगट धरलं.

"आक्का, ते तुमच्या भावाचं ताट हाय."

आत्याचा हात वरच राहिला. कावळ्यानं एक धपाटा खाल्ला, दुसरा ओढत वाळूत नेला आणि तिथं बसून निवांत संपवला. आत्या हातात चप्पल घेऊन लहान पोरीसारखी रडली. आई रडली नाही. तो उडून जाईपर्यंत ती बघत राहिली.

"पटलं म्हणायचं त्याला," आत्या नाक पुसत म्हणाली, "मी भांडणार नाय ते."

"ते कुठलं पटतंय! भूक लागली असंल त्यांना," आई म्हणाली. मग सतरंजीवर मांडी घालून बसली आणि स्वतःची ताटली माझ्यापुढं सरकवली. "वाढ गं. मलाबी लई भूक लागलीय."