चांगल्या स्पीकरवर आईची कॅसेट

आज पार दमले. घरात गाण्यासाठी भारी स्पीकर आणायचं ज्यांच्या डोक्यात असेल, त्यांनी हे वाचा.

आमचा धंदा मांडवाचा. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुण्याहून वापरलेले पण उंची स्पीकर आणले आणि जोडले मांडवाच्याच अॅम्प्लिफायरला. माझ्या हळदीत आईनं म्हटलेल्या ओव्यांची कॅसेट लावली, तर नुसती घरघर. तीच कॅसेट भोंग्यावर इतकी वर्षं चांगली वाजायची.

स्पीकरच भंगार म्हणून मी नारायणगावला दुकानात भांडायला गेले. शेठ हसले. "वहिनी, भोंगा सगळं झाकतो. हा स्पीकर काय बी झाकत न्हाई. लहान अॅम्प्लिफायर न्या, स्वस्तातला चालंल, पण आवाज स्वच्छ पायजे. आन टेपचं हेड स्पिरिटनं पुसा."

पुसलं, जोडलं. घरघर गेली. आई समोर बसून गातेय असं वाटलं.

मग कळलं, दर ओळीनंतर तिला धाप लागत व्हती. टेपवर मधेच मावशी हळू आवाजात म्हणाली, "आक्के, बस कर. डॉक्टरनं काय सांगितलंय तुला?"

आई म्हणाली, "पोरींना कळू देऊ नको. हळद हाय घरात."

त्याच वर्षी दिवाळीत आई गेली. एकाएकी गेली, असंच आम्हाला सगळ्यांनी सांगितलं.

उद्या धाकटी बहीण ही कॅसेट ऐकायला मुद्दाम येतेय. तिला ऐकवू, का कॅसेट खराब झाली म्हणून सांगू? माझं डोकं चालत नाय. तुमी काय केलं असतं?