सुभेदारासाठी तीन आंघोळी

गेल्या मार्चमध्ये आमच्या दहिवडीच्या घरातले न्हाणीघर एका सरड्याच्या ताब्यात गेले.

सरडा परदेशी जातीचा, हिरवागार, डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा असलेला. म्हणून त्याचे नाव सुभेदार. तो माझ्या मुलीचा, मुक्ताचा. (त्याची रीतसर नोंदणी आहे. कागद मी स्वतः तपासले आहेत.) मुक्ता नोकरीनिमित्त सांगलीत नदीकाठी राहते. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जाताना तिने त्याला एका छोट्या खोक्यातून आमच्याकडे आणून सोडले. दहिवडीच्या कोरड्या हवेत दुसऱ्याच दिवशी त्याचे डोळे खोल गेले.

"बाबा, त्याला हवेत साठ टक्के ओल लागते," मुक्ता फोनवर म्हणाली. "मोठा पिंजरा करून घ्या. डोळे असेच आत जात राहिले तर तो जगायचा नाही."

तिचा आवाज मला आवडला नाही. मी ताबडतोब तासगावच्या मेहुण्याला, दत्ताला बोलावले. तो शेड बांधण्याची कामे घेतो. जाळी, लाकूड, मापे असे सगळे मी त्याला लिहून दिले. तीस वर्षे बातम्या तपासल्याने माझ्या लिहिण्यात चूक नसते. दत्ता कसल्या शेड बांधतो, हे मला माहीत होते. त्याचा विचार तेवढा केला नव्हता.

दत्ता बेदाण्याच्या शेड बांधतो.

एका दिवसात त्याने चार फुटी पिंजरा उभा केला. खालून वारा जावा म्हणून पाय दिले, चारही बाजूंना जाळी लावली आणि पश्चिमेचा वारा थेट आत येईल असे तोंड ठेवले. काम देखणे होते. मी आत कुंड्या ठेवल्या, उबेसाठी बल्ब लावला आणि आर्द्रतामापक टांगला. खोलीत बावीस टक्के होते. पिंजऱ्यात, बल्बच्या उबेने, एकोणीस.

"दाजी, सतरा वर्सं झाली, मी ओल घालवायचंच काम करतोय," दत्ता शांतपणे म्हणाला. "धरून ठेवायला आजवर कुणी सांगितलंच न्हाई."

मग सूत्रे मी हाती घेतली. द्राक्षबागेत वापरतात तसला एक फवारा पिंजऱ्यात बसवला आणि चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले. आकडा चौऱ्याण्णववर गेला. मी त्याचा फोटो मुक्ताला पाठवला. दोन दिवसांनी कुंडीतल्या मातीवर बुरशी आली आणि सुभेदार तोंड उघडे टाकून बसला.

जनावरांच्या डॉक्टरांकडे त्या वेळी सात शेळ्या रांगेत होत्या. आम्ही आठवे. डॉक्टरांनी आधी सुभेदाराकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिले.

"ह्याला कोंडून घातलंय कुणी?"

मी म्हणालो, प्लास्टिक लावले आहे. (कर्मणी प्रयोगाचे असे फायदे असतात.) डॉक्टरांनी औषध दिले आणि बजावले की ओल पाहिजे आणि वाराही पाहिजे, नाहीतर चार दिवसांत खेळ संपेल.

घरी आल्यावर मी हे बायकोला, शालनला सांगितले. ती लसूण सोलत होती.

"आवं, ओल बी हाय आन् वारा बी हाय, अशी घरात एकच जागा हाय," ती म्हणाली आणि न्हाणीघराकडे बोट दाखवले.

खिडकी होती, जमीन ओली होती. कुंड्या, बल्ब आणि सुभेदार आत गेले. आकडा साठ भरला. मात्र आंघोळीनंतर तीन तासांत तो चाळीसवर यायचा. मी सुचवले की मधूनमधून भिंतींवर पाणी ओतू.

"चार दिसानं नळ येतोय. नुसतं वतायला पाणी फुकाट हाय व्हय? वतायचंच तर अंगावर वता."

तिने वेळापत्रक ठरवले. सकाळी सहा ती. दहा, दोन आणि सहा मी. साबणाच्या वासाने त्याला त्रास होईल, म्हणून साबण बंद. सुभेदार एक डोळा पानावरच्या थेंबावर आणि दुसरा माझ्यावर ठेवून असायचा.

मुक्ता परतली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि वजन सहा ग्रॅमने वाढले होते. मला सर्दी-खोकला झाला होता. आमच्या डॉक्टरांनी मला कोरड्या हवेत बसायला सांगितले.

रिकाम्या पिंजऱ्याचे प्लास्टिक काढून दत्ताने दरम्यान त्यात द्राक्षे पसरली होती. त्यांचा दोन किलो उत्तम बेदाणा झाला. मुक्ताने आर्द्रतामापक घेऊन सगळे घर मोजले. सर्वांत कोरडी जागा त्या पिंजऱ्याशेजारी निघाली.

माझी खुर्ची तिथे ठेवण्यात आली आहे.